व्हेरिफिकेशन कोड येतच नाहीये, काय करू? (मेलवरचा कोड, तीन दिवस झाले)

पानगळ | सोमवार, रात्री १०:४२

मंडळी, वैतागलेय अक्षरशः. फोटो आणि कागदपत्रं साठवायच्या एका साईटवर माझं खातं आहे, सात-आठ वर्षं जुनं. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण चूक त्यांची की माझी हेच अजून कळलेलं नाहीये. त्यात आईची हाताने लिहिलेली पत्रं स्कॅन करून ठेवलीत, मूळ कागद आता पार विरलेत. या खात्याला पासवर्ड हा प्रकारच नाही, ईमेल टाकायचा, मेलवर सहा आकडी कोड येतो, तो टाकला की आत. मी कायम लॉगिनच असायचे त्यामुळे कोडची वेळच आली नव्हती कित्येक वर्षांत.

शुक्रवारी ब्राऊझर फार हळू चालतोय म्हणून हिस्टरी, कुकीज सगळं साफ केलं आणि बाहेर फेकली गेले. तेव्हापासून ईमेल टाकतेय, कोड पाठवलाय असं स्क्रीनवर येतंय, आणि मेलबॉक्समध्ये शून्य. स्पॅम बघितलं, प्रमोशन्स बघितलं, ट्रॅश बघितलं, सर्च करून बघितलं. बाकीच्या साईट्सचे कोड त्याच मेलवर धडाधड येतात. यांचेच नाही.

आत्तापर्यंत वीसेक वेळा तरी 'पुन्हा पाठवा' दाबलं असेल.

---

रातकिडा | सोमवार, रात्री १०:५५

वीस वेळा दाबलंत म्हणजे एक दिवस वीसच्या वीस एकदम येतील बघा, आमच्या गल्लीतल्या लाईटसारखे :)

---

अण्णा_ऑनलाईन | सोमवार, रात्री ११:०८

पानगळ ताई, सगळ्यात आधी ते 'पुन्हा पाठवा' दाबणं बंद करा. दोन कारणं. बहुतेक ठिकाणी नवीन कोड मागितला की आधीचा रद्द होतो, मग उशिरा आलेला जुना कोड तुम्ही टाकता आणि 'कोड चुकीचा' असं येतं, माणूस अजून गोंधळतो. दुसरं म्हणजे ठराविक वेळांनंतर त्यांची सिस्टीम तुम्हाला गुपचूप गप्प बसवते, स्क्रीनवर सगळं छान छान दिसतं पण प्रत्यक्षात काही पाठवलं जात नाही. एक दिवस हातच लावू नका, मग एकदाच मागवा आणि पंधरा मिनिटं शांत बसा.

आणि हो, स्पॅम फोनच्या ॲपमध्ये नाही तर कॉम्प्युटरवर उघडून बघा. ॲपमध्ये कधीकधी सिंकच झालेलं नसतं.

---

निवांत_मी | सोमवार, रात्री ११:२०

+१ अण्णा. शिवाय मेलबॉक्स भरलाय का ते बघा. माझा भरला होता, जागा संपली की मेल सरळ परत जातात आणि आपल्याला कळतही नाही.

---

पानगळ | सोमवार, रात्री ११:३१

मेलबॉक्स अर्धा रिकामा आहे. बाकीचे मेल येतायत ना. बरं, उद्या रात्रीपर्यंत हात लावत नाही.

---

मदत_चोवीसतास | मंगळवार, पहाटे २:१४

[हा प्रतिसाद काढून टाकण्यात आला आहे.]

---

व्यवस्थापन | मंगळवार, सकाळी ७:०५

वरच्या आयडीने 'तुमचा मेल, नंबर आणि आलेला कोड पाठवा, दहा मिनिटांत खातं उघडून देतो' असं लिहिलं होतं. आयडी बंद केला आहे. अशा धाग्यांवर हे लोक टपलेलेच असतात. कोणालाही व्यनि (खाजगी निरोप) करून कोड, नंबर, मेलचा पत्ता काहीही देऊ नका, अगदी आम्ही मागितला तरी. आम्हाला तो कधीच लागत नाही.

---

टिचकी | मंगळवार, सकाळी ९:४०

विषयांतराबद्दल क्षमस्व पण माझंही असंच आहे म्हणून इथेच विचारतो. माझा कोड मेलवर नाही, ऑथेंटिकेटर ॲपमध्ये येतो. कोड दिसतो पण टाकला की प्रत्येक वेळी चूक म्हणतंय. नवीन फोन घेतल्यापासून हे सुरू झालंय. नेट बंद चालू करून झालं, ॲप काढून परत टाकायची भीती वाटतेय.

---

तारायंत्र | मंगळवार, सकाळी १०:१२

टिचकी, ॲप अजिबात काढू नका!! काढलंत तर आतली गुपित किल्ली पण जाऊ शकते आणि मग खरंच बाहेर राहाल.

तुमच्या फोनचं घड्याळ बघा. ते कोड कुठून 'येत' नाहीत, फोन स्वतःच तयार करतो, नेट बंद असलं तरी. सुरुवातीला क्यूआर स्कॅन केला तेव्हा एक गुपित आकडा फोनमध्ये आणि त्यांच्या सर्व्हरवर सारखाच साठवला गेला, आता तो आकडा आणि चालू वेळ यांची सरमिसळ करून दर तीस सेकंदांनी दोन्हीकडे तोच कोड निघतो. पद्धत २०११ सालीच प्रमाणित झालीये. वेळ मोजतात १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, त्यामुळे टाइमझोनचा तसा संबंध नाही, पण लोक काय करतात, टाइमझोन चुकलेला असतो आणि घड्याळात वेळ बरोबर दिसावी म्हणून हाताने काटे फिरवतात, की झालं, आतला खरा वेळ तासांनी चुकला. सर्व्हर सहसा मागचा-पुढचा एखादा कोड चालवून घेतो, म्हणजे अर्धा-एक मिनिट इकडेतिकडे चालतं, त्यापुढे नाही.

सेटिंगमध्ये तारीख-वेळ 'आपोआप' करा, टाइमझोनही आपोआप.

---

टिचकी | मंगळवार, सकाळी १०:२६

अहो झालं!!! अडीच तासांचा फरक होता आणि मी खरंच हाताने वेळ लावली होती. लोटांगण तुम्हाला.

---

रातकिडा | मंगळवार, सकाळी १०:३०

पाहुणा जेवून गेला, घरमालकीण अजून रांगेत :)

---

कोरा_कागद | मंगळवार, दुपारी १२:१८

मला एसेमेसच्या कोडचा हाच त्रास होता म्हणून माझे दोन पैसे. महिनाभर कोड येत नव्हता, शेवटी कळलं की त्याच नावाने सतत जाहिराती यायच्या म्हणून मीच रागात तो सेंडर ब्लॉक केला होता. मेसेजच्या ॲपमध्ये 'स्पॅम आणि ब्लॉक केलेले' असा एक कप्पा असतो, तो उघडला तर ओळीने अकरा कोड पडलेले. दोन सिमवाल्यांनी नंबर नक्की कोणत्या सिमचा दिलाय तेही तपासा, आणि दुसरं सिम बंद ठेवलेलं नाही ना तेही.

---

तारायंत्र | मंगळवार, दुपारी १:०५

कोरा_कागद, बरोबर. एसेमेसबद्दल अजून एक गंमत सांगतो, मी काही वर्षं मोठ्या प्रमाणावर मेसेज पाठवणाऱ्या टीममध्ये होतो. इंग्रजी मेसेजमध्ये १६० अक्षरं मावतात पण देवनागरीत लिहिला की एकदम ७० वर येतो. म्हणजे 'तुमचा कोड अमुक आहे, कोणालाही सांगू नका' वगैरे पाल्हाळ लावलं की त्या मेसेजचे दोन तुकडे होतात, ते वेगवेगळे प्रवास करतात आणि एक तुकडा वाटेत अडकला तर काही फोन पूर्ण मेसेज दाखवतच नाहीत. आम्ही कोडचे मेसेज मुद्दाम आखूड ठेवायचो आणि कोड सगळ्यात पुढे.

मुळात एसेमेस पोचेलच अशी हमी कधी नव्हतीच. फोन बंद असला की मेसेज नेटवर्ककडे पडून राहतो, चालू झाला की येतो, तोवर कोडची मुदत संपलेली. विमानातून उतरल्यावर जुन्या कोडांचा पाऊस पडतो तो त्यामुळेच.

पण पानगळ यांचा प्रश्न मेलचा आहे. ताई, एक करा. स्क्रीनवर जे वाक्य येतं ते शब्दशः इथे टाईप करा. 'कोड पाठवलाय असं येतंय' असं नको, जसंच्या तसं.

---

पानगळ | मंगळवार, रात्री ९:५०

आज दिवसभर हात लावला नव्हता. आत्ता एकदाच मागवला. वीस मिनिटं झाली, काही नाही. वाक्य असं आहे:

'या पत्त्यावर खाते असल्यास, आम्ही त्यावर ६ अंकी कोड पाठवला आहे. कोड १० मिनिटे वैध राहील.'

---

तारायंत्र | मंगळवार, रात्री ९:५८

'असल्यास'.

---

रातकिडा | मंगळवार, रात्री १०:०१

आई शप्पथ.

---

पानगळ | मंगळवार, रात्री १०:०३

म्हणजे? खातं आहेच की माझं.

---

तारायंत्र | मंगळवार, रात्री १०:२०

आहेच, पण या पत्त्यावर आहे का?

हे वाक्य मुद्दाम असं गुळमुळीत लिहिलेलं असतं. समजा साईटने स्पष्ट सांगितलं की 'या मेलवर खातं नाही', तर कोणीही माणूस हजारो पत्ते टाकून कोणाकोणाची खाती इथे आहेत याची यादी बनवू शकतो. म्हणून खातं असो नसो, वाक्य तेच. सुरक्षेच्या दृष्टीने योग्यच आहे, फक्त आपल्यासारखा माणूस 'पाठवला आहे' एवढंच वाचतो.

खात्री करायची तर एक प्रयोग करा. कोणाचाही असणार नाही असा काहीतरी लांबलचक अगम्य पत्ता टाका आणि बघा काय म्हणतं.

---

पानगळ | मंगळवार, रात्री १०:२८

कीबोर्डवर हात फिरवून तीस-पस्तीस अक्षरांचा पत्ता केला. तेच वाक्य. तेच, शब्दन् शब्द, '६ अंकी कोड पाठवला आहे'. तीन दिवस मी या वाक्यावर विश्वास ठेवून बसले होते.

पण मला एक समजत नाहीये. या साईटचे मेल मला याच मेलबॉक्समध्ये येतात. दर महिन्याला 'तुमची इतकी जागा वापरली' असा मेल येतो, मागच्या महिन्याचा आत्ता माझ्यासमोर उघडा आहे. मग पत्ता चुकीचा कसा?

---

अण्णा_ऑनलाईन | मंगळवार, रात्री १०:४०

हे मात्र कोडं आहे खरं. तारायंत्र, दुसरी शक्यता पण आहे ना? मी ऐकलंय की एखाद्या पत्त्याहून मेल परत गेले किंवा आपण स्पॅमचं बटण दाबलं की ते लोक आपल्याला काळ्या यादीत टाकतात आणि मग पुढचं काहीच पाठवत नाहीत.

---

तारायंत्र | मंगळवार, रात्री १०:५२

हो, तशी यादी असते. पत्ता अस्तित्वात नाही म्हणून मेल परत आला किंवा कोणी स्पॅम म्हणून तक्रार केली तर पाठवणारी यंत्रणा तो पत्ता बाजूला टाकते, आणि ढिसाळ काम असेल तर कोडसारखे गरजेचे मेलसुद्धा त्याच यादीत अडकतात. तो पत्ता त्यांच्या सपोर्टवाल्यांनाच काढता येतो, आपण काही करू शकत नाही. पण पानगळ यांना दर महिन्याचा मेल येतोय म्हणजे त्या यादीत नाहीत.

ताई, तो मागच्या महिन्याचा मेल उघडा आहे ना? पाठवणाऱ्याच्या नावाखाली 'प्रति' किंवा 'मला' असं बारीक अक्षरात असतं, शेजारी छोटा बाण असतो. तो बाण दाबा. 'प्रति'समोर पूर्ण पत्ता काय आहे ते बघा. इथे लिहू नका, फक्त तुमचा आत्ताचाच आहे का ते सांगा.

---

पानगळ | मंगळवार, रात्री ११:०६

नाहीये!!!!

तो माझा जुना पत्ता आहे. कॉलेजच्या काळातला, दुसऱ्या कंपनीचा. नाव तेच त्यामुळे बारीक अक्षरात माझंच नाव दिसायचं, पुढचं कधी बघितलंच नाही. आणि आता आठवलं, तो पत्ता सोडताना मी तिकडचे सगळे मेल आपोआप इकडे यावेत अशी फॉरवर्डिंगची सोय करून ठेवली होती. ती इतकी वर्षं चालतेय आणि मी विसरूनही गेले होते.

---

रातकिडा | मंगळवार, रात्री ११:०९

टपाल नवीन घरी येत होतं पण पत्ता जुन्याच घराचा. मस्त.

---

निवांत_मी | मंगळवार, रात्री ११:१५

मग आता जुना पत्ता टाकून कोड मागवा, फॉरवर्ड होऊन येईलच.

---

पानगळ | मंगळवार, रात्री ११:४०

टाकला. नाही आला. स्पॅममध्येही नाही. दहा मिनिटं होऊन गेली. आता रडू येतंय.

---

तारायंत्र | मंगळवार, रात्री ११:५५

थांबा, रडू नका, जवळ आलोय. फॉरवर्डिंगमध्ये एक मेख असते, जुन्या मेलबॉक्सने एखादा मेल स्पॅम ठरवला तर बऱ्याच ठिकाणी तो पुढे पाठवलाच जात नाही, तिथल्याच स्पॅममध्ये पडून राहतो. तुम्ही नव्या मेलबॉक्सचा स्पॅम बघताय, जुन्याचा नाही. महिन्याचा मेल ओळखीचा झालाय म्हणून जात असेल, कोडचा मेल वेगळ्या पत्त्यावरून येत असेल आणि वर्षानुवर्षांत पहिल्यांदाच आला असेल.

दुसरी शक्यता उशिराची. काही मेल सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्यांदा 'आत्ता नको, थोड्या वेळाने ये' असं सांगून परत पाठवतात. खरा सर्व्हर परत येतो, स्पॅमवाले बहुधा येत नाहीत, २००३ पासूनची युक्ती आहे ही. पण परत यायला पाच मिनिटं लागतील की अर्धा तास हे पाठवणाऱ्यावर, आणि तुमच्या कोडची मुदत दहाच मिनिटं.

दोन्हीवर उपाय एकच, जुन्या मेलबॉक्समध्ये थेट शिरा. पासवर्ड आहे का?

---

पानगळ | बुधवार, सकाळी ७:३०

रात्रभर कपाटं उपसली. एका डायरीच्या शेवटच्या पानावर पासवर्ड आहे, पण त्यातलं एक अक्षर शून्य आहे की इंग्रजी ओ ते कळत नाहीये. ऑफिसला जाते, संध्याकाळी बघते.

---

अण्णा_ऑनलाईन | बुधवार, सकाळी ८:१०

ताई, तीन-चारदाच प्रयत्न करा, तेही लॉक होतं. आणि जमल्यास घरच्याच कॉम्प्युटरवरून, घरच्याच नेटवरून करा. अनोळखी ठिकाणाहून जुन्या खात्यात शिरलं की तेही कोड मागत बसतं.

---

कोरा_कागद | बुधवार, सकाळी ८:४४

आणि ते जुनं खातं अजून जिवंत आहे हेच नशीब समजा. गूगलने २०२३ पासून दोन वर्षं वापर नसलेली वैयक्तिक खाती पुसायचं धोरण आणलंय, इतरांचेही आपापले नियम आहेत. एकदा पत्ता गेला की त्यावर टांगलेलं सगळंच गेलं.

---

पानगळ | बुधवार, रात्री ८:१९

शून्य होतं. दुसऱ्या प्रयत्नात उघडलं.

इनबॉक्समध्ये चारेक हजार न वाचलेले मेल, ते सगळे इकडे आलेलेच. डावीकडे स्पॅमवर टिचकी मारली तर सगळ्यात वर कालचा कोड. मी ११:२६ ला मागवला होता, मेलवर वेळ ११:३३. म्हणजे आला होता सात मिनिटांनी, आणि तीन मिनिटं शिल्लक असताना मी दुसऱ्याच मेलबॉक्सकडे डोळे लावून बसले होते.

आता त्या मेलला 'स्पॅम नाही' केलं, पाठवणाऱ्याचा पत्ता कॉन्टॅक्टमध्ये टाकला, मग नवीन कोड मागवला आणि एकदाही 'पुन्हा पाठवा' दाबलं नाही. दीड मिनिटात इनबॉक्समध्ये. टाकला. उघडलं.

पत्रं सगळी आहेत. पहिलं उघडलं तर त्यात आईने लिहिलंय की पोचल्याचं पत्र लगेच टाक, मागच्या वेळी तीन आठवडे वाट बघायला लावलीस.

---

निवांत_मी | बुधवार, रात्री ८:२४

हुश्श!

---

टिचकी | बुधवार, रात्री ८:२६

वाचनखूण साठवलीये. तारायंत्र, तुम्ही फी काय घेता?

---

तारायंत्र | बुधवार, रात्री ८:४०

ताई, मस्त! पण अजून उठू नका. तीन गोष्टी आत्ताच्या आत्ता करा, लॉगिन आहात तोवर. खात्याचा ईमेल बदलून आत्ताचा करा. दुसरा काही मार्ग असेल, ऑथेंटिकेटर किंवा पासकी (कोडऐवजी फोनचं कुलूप उघडतो तसं ठसा किंवा पिनने आत जायची सोय), तो चालू करा, म्हणजे सगळं एकाच मेलबॉक्सवर अवलंबून राहणार नाही. आणि बॅकअप कोड (बाकी मार्ग बंद पडले तर वापरायचे राखीव कोड) देत असतील तर उतरवून घ्या, कागदावर, त्याच डायरीत लिहिलेत तरी चालेल, फक्त शून्याला मधून रेघ मारा. बॅकअप कोड त्याच खात्यात फोटो काढून ठेवणारे लोक मी पाहिलेत, किल्ली तिजोरीत ठेवून तिजोरी बंद केल्यासारखं.

आणि पत्रांची एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर. हे पहिलं करा खरं तर.

---

पानगळ | बुधवार, रात्री ९:३०

प्रत उतरवायला लावलीये, ६४ टक्के झालंय. बॅकअप कोड देत नाहीत हे लोक, पण पासकी आहे, ती केली, आता बोटाचा ठसा लावला की उघडतं. ईमेल बदलायला गेले तर म्हणतंय 'नव्या पत्त्यावर ६ अंकी कोड पाठवला आहे'. यावेळी 'असल्यास' नाहीये, नीट वाचलं. चार सेकंदांत आला.

तारायंत्र, अण्णा, सगळ्यांचेच मनापासून आभार.

---

रातकिडा | बुधवार, रात्री ९:३३

अभिनंदन ताई! बरं, शेवटचे दोन आकडे सांगा पाहू, फक्त तपासायला :)

---

पानगळ | बुधवार, रात्री ९:३४

गप्प बसा हो.